कारण सापडलं तेव्हा

रक्ताच्या रिपोर्टवर तिन्ही ठिकाणी खाली वळलेला बाण बघत तुम्ही एखाद्या हॉस्पिटलच्या बाकावर बसला असाल, तर मी तुमच्यासाठी लिहितेय. आधीच सांगून ठेवते, मी बरी झालेले नाही. बरी होईन असं मला कुणी सांगितलेलंही नाही. धीर देणारी माणसं तुम्हाला पुष्कळ भेटतील, मलाही भेटली. पण त्या बाकावर बसल्यावर मला धीर नको होता. हे कशामुळे झालं, एवढंच कुणीतरी सांगावं असं वाटायचं. कारण कळलं की अर्धं दुखणं हलकं होईल, असा माझा समज होता.

माझं नाव वैशाली. वय सदतीस. माहेर आणि सासर दोन्ही लातूर जिल्ह्यातलं, पण लग्न झाल्यापासून मोशीला राहते. आमचे हे, राजू, हिंजवडीच्या आयटीवाल्यांची बस चालवतात. मी निघोज्याजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायचे. मुलगी एकच, अनुष्का. पंधरा वर्षांची.

डेंगू, दुसरं काय

पावसाळ्यात सुरुवात झाली असं मी सगळ्यांना सांगते, पण अंगात त्याच्या आधीपासून काहीतरी चाललं होतं. कॅन्टीनचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागायचं. मांडीवर निळे-काळे डाग दिसायचे आणि कुठे आपटलं ते आठवायचं नाही. पाळी आली की थांबायचं नाव घ्यायची नाही. पॅड बदलायला सारखं लाईन सोडून जायचं तर लीडरला काय सांगणार? मी काळ्या सलवारी घालायला लागले. बायकांचं असतंच, रक्त कमी असेल, असं म्हणून लोहाच्या गोळ्या घेतल्या. तेवढ्यात गावाहून आई आली ती ताकदीची पुडी घेऊन. वैदूकडची, राखाडी रंगाची, दुधातून घ्यायची. तीही घेतली.

मग ताप आला. त्या दिवसांत आमच्या सोसायटीत घरटी एकाला डेंगू होता. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात गेलो, प्लेटलेट कमी निघाल्या, डॉक्टर म्हणाले, "डेंगू, दुसरं काय." ॲडमिट केलं.

वॉर्डात सगळे डेंगूचेच. सकाळी रक्त घेऊन जायचे आणि दुपारी सिस्टर आकडे सांगायला आली की नातेवाईक क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तसे उठून बसायचे. "काकांच्या वाढल्या!" "ताईंच्या थोड्या उतरल्या, पण वाढतील." कुणी पपईच्या पानांचा रस पाजत होतं, कुणी किवी कापून देत होतं. एकेकाचा आकडा वर जायचा आणि बिछाना रिकामा व्हायचा. शेजारच्या खाटेवरची बाई घरी जाताना तिच्या उरलेल्या किवी माझ्या उशाशी ठेवून गेली. म्हणाली, "तुमचाही नंबर लागेल बघा उद्या."

माझा ताप उतरला, आकडा काही वर गेला नाही. नवीन लोक आले, तेही बरे होऊन गेले. मी तिथेच. एका दुपारी तरुण डॉक्टर माझे सगळे रिपोर्ट ओळीनं मांडून उभा राहिला आणि माझ्याऐवजी ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "डेंगूत एवढं होत नाही. पांढऱ्या, लाल आणि प्लेटलेट, तिन्ही पेशी खाली आहेत. तुम्ही यांना रक्ताच्या डॉक्टरांकडे न्या. उद्यापर्यंत थांबू नका."

हे म्हणाले, "पण ताप तर गेलाय."

त्यानं रिपोर्ट गोळा करून ह्यांच्या हातात ठेवले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मॅडमचे प्रश्न

मोठ्या हॉस्पिटलातल्या रक्ताच्या डॉक्टर म्हणजे साधारण माझ्याच वयाच्या एक मॅडम. त्यांनी मला पालथं-उताणं करून तपासलं, हिरड्या बघितल्या, पोटरीवरचे लाल ठिपके बघितले. मी ते डास चावल्याचे समजत होते. मग एकामागून एक प्रश्न. मांसाहार करता का? कारण एखादं जीवनसत्त्व कमी पडलं तरी तिन्ही पेशी घटतात. कावीळ कधी झाली होती का? दुसरा एखादा ताप? फिटच्या, सांध्यांच्या, कसल्याही गोळ्या चालू आहेत का? कामावर केमिकल हाताळता का? केस रंगवता का? घरात कुणाला रक्ताचा आजार होता का?

केसांचं मी हो म्हटलं. कॉलेजात असतानाच माझे केस पांढरे व्हायला लागले होते. घरात रक्ताचा आजार कुणाला नव्हता. वडील लवकर गेले होते, पण ते दम्यानं, खोकून खोकून. मॅडमनी लिहून घेतलं.

"गावठी औषध, पुडी, भस्म असं काही?"

मी उत्तर द्यायच्या आत मागे उभी असलेली आई बोलली, "मॅडम, म्या दिली हिला पुडी. अंगात ताकद यावी म्हून दिली."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उरली असेल तर घेऊन या आजी, तपासू." त्यांचा सूर अजिबात रागाचा नव्हता. पण आईनं त्या क्षणी स्वतःचा निकाल लावून टाकला. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

कमरेच्या मागच्या हाडातून मगज, म्हणजे बोनमॅरो, काढून तपासतात. भूल देतात, तरी हाडातून ओढलं जाताना जे वाटतं त्याला दुखणं म्हणावं की काय, मला माहीत नाही. पाय आपोआप ताणले जातात. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना एवढंच सांगते, थोडाच वेळ लागतो. सिस्टरचा हात धरायला मिळाला तर लाजू नका. धरा.

रिपोर्ट सांगायला मॅडमनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. "कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या.

ह्यांनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "रक्त हाडांच्या आत तयार होतं. यांच्या हाडांत ते तयार करणाऱ्या पेशीच फार थोड्या उरल्यात. जागा आहे, पण तिथे नुसती चरबी आहे. ॲप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात याला. कॅन्सर नाही म्हणून हलक्यात घेऊ नका."

मी विचारलं, "पण कशामुळे?"

"पुष्कळ जणांमध्ये कारण सापडत नाही. आपण शोधत राहू. पण कारण सापडेपर्यंत उपचार थांबवता येणार नाहीत."

आमच्या क्वालिटीत एखादा पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला, त्याच्या मागे काय, त्याच्याही मागे काय, असं पाच-पाच वेळा विचारल्याशिवाय सुटका नसते. 'कारण सापडलं नाही' असं उत्तर मी कधी कुणाचं मान्य केलं नव्हतं. तेच उत्तर घेऊन मी खाली रिक्षा शोधत उभी होते.

ज्याचं त्याचं कारण

डॉक्टरांना कारण सापडलं नाही, पण घरात प्रत्येकाला सापडलं.

ह्यांचं ठरलं होतं की कंपनीतल्या थिनरमुळे झालं. वायरींच्या जोडांवरचा चिकटपणा आम्ही त्यानं पुसायचो. हे कंपनीच्या गेटवर जाऊन भांडून आले. पण माझ्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या बायका माझ्याआधीपासून तेच काम करत होत्या आणि ठणठणीत होत्या. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "डोक्याला ते काळं फासती ना, ते मुरलं बघ आत." नणंदेला वाटत होतं, दृष्ट लागली. नव्या फ्लॅटची.

कारण म्हणजे कुणाचा तरी गुन्हा. हे मला हळूहळू कळत गेलं. थिनर म्हटलं की मी ती नोकरी का सोडली नाही, हे आलंच. केसांचा रंग म्हटलं की माझं नटणं आलं. आणि पुडी म्हटलं की आई.

पुडी तपासून झाली, पण छातीठोकपणे सांगण्यासारखं काही निघालं नाही. मी मॅडमना एकदा एकटी गाठून म्हटलं, "आईला एवढं सांगा ना, की पुडीनं झालेलं नाही."

"तसं मी सांगू शकत नाही, वैशाली. हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. तिला सांगा, तिचा दोष नाही. ते खरं आहे."

मी सांगितलं. आई म्हणाली, "डागदर काय तोंडावर बोलंल व्हय?" तिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकणं सोडलं. माझ्या पेल्यात पाणीसुद्धा ती स्वतः ओतायची नाही. सगळं उकडून, झाकून, गरम द्यायचं असतं. ते अनुष्का करायची. आई दारात बसून नुसती बघायची आणि स्वतः अर्धी भाकरी खाऊन उठायची.

काचेच्या आतून

पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या तेव्हा मला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत येणाऱ्यानं हात धुवायचे, मास्क लावायचा, फुलं आणायची नाहीत, कच्चं फळ आणायचं नाही. कंपनीतल्या बायका सफरचंदांची पिशवी घेऊन आल्या. ती त्यांनी काचेपलीकडून मला दाखवली आणि परत नेली. दात मऊ ब्रशनं घासायचे, तरी बेसिन लाल व्हायचं. नाकातून रक्त सुरू झालं की थांबेपर्यंत छातीवर टॉवेल घेऊन बसायचं. पाळी बंद करायच्या गोळ्या दिल्या. ती बंद झाली तेव्हा मी रडले, आणि ते सुटकेचं रडणं होतं.

प्लेटलेटची पिशवी पिवळट असते, डाळीच्या वरच्या पाण्यासारखी. ती कुठूनतरी यावी लागते. आमच्या इमारतीसमोर सलीमभाईंचं गॅरेज आहे. ह्यांच्याशी त्यांची ओळख म्हणजे गाडीचं पंक्चर काढण्यापुरती. त्यांना कुणाकडून तरी कळलं आणि ते स्वतः हॉस्पिटलात येऊन प्लेटलेट काढायच्या मशिनला हात लावून बसले. पुन्हा चालतं म्हटल्यावर पुन्हा आले. एकदा रोजे चालू होते, तर रोजा सोडून झाल्यावर संध्याकाळी आले. हे त्यांच्या पाया पडायला वाकले तर सलीमभाई मागे सरकले. "राजूभाऊ, काय करताय राव! बसल्या जागी होतं हे. जॅकसुद्धा उचलावा लागत नाही."

माझ्या अंगात आज जे फिरतंय त्यातलं माझं किती, सांगता येणार नाही. कंपनीतून रक्त द्यायला आलेल्या चाकणच्या पोरांचं आहे, सलीमभाईंचं आहे, नाव माहीत नसलेल्यांचं आहे. एवढ्या लोकांनी दिलं आणि ते थोड्या दिवसांत संपून जायचं. पुन्हा फिकट, पुन्हा धाप, पुन्हा फोन. लोकांच्या चांगुलपणाचंही ओझं होतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

बालाजी

मॅडम म्हणाल्या, खरा इलाज म्हणजे सख्ख्या भावंडाचा मगज. जुळला तर.

मला एकच भाऊ. बालाजी, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. लातूरच्या मोंढ्यात पोती उचलायला लागला आणि आता तिथेच मुकादम आहे. रुंद खांदे, मोठा आवाज. हॉस्पिटलात आला तो काचेपलीकडून ओरडूनच बोलला, "आक्का, किती पायजे तेवढं काढा म्हणावं! मला काय कमी हाय का?"

जुळलं. पूर्ण जुळलं. मॅडमनी हे सांगितलं तो आमच्या घरातला शेवटचा आनंदाचा दिवस. ह्यांनी वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरांना पेढे वाटले. आईनं बालाजीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी काचेच्या आतून बघत होते आणि गावी गेल्यावर काय काय करायचं याचे बेत आखत होते.

देणाऱ्याची आधी सगळी तपासणी करतात. बालाजीची केली. मग पुन्हा केली. मग मॅडमनी त्याला विचारलं, "तुम्हाला कधी दम लागतो का? जखम झाली तर रक्त थांबायला वेळ लागतो?"

"नाय ओ मॅडम. मला काय व्हतंय?"

त्याच्याही पेशी कमी होत्या. माझ्याएवढ्या नाही, पण त्या वयाच्या पोती उचलणाऱ्या गड्याच्या असायला हव्यात त्याच्या निम्म्याच.

त्या दिवशी मॅडमनी आमच्या वडिलांबद्दल पुन्हा विचारलं, आणि या वेळी खोदून खोदून. केस कधी पिकले? पंचविशीत. गाव त्यांना म्हातारा म्हणूनच हाक मारायचं. खोकला कसला? क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण क्षय नक्की आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी श्वासच पुरत नव्हता. त्यांच्या भावंडांत कुणी? एक आत्या तरुणपणीच गेली होती, पांढरीफटक होऊन. बाळंतपणानंतरचा अशक्तपणा म्हणाले होते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे घरातूनच आलेलं असू शकतं," त्या म्हणाल्या.

आमचं रक्त लांबच्या लॅबमध्ये गेलं. निकाल यायला बरेच आठवडे लागले. आमच्या जनुकांत एक दोष आहे. शरीर पेशी नव्या करत राहतं ती ताकद आमच्यात वेळेआधी संपते. कुणाचे केस आधी जातात, कुणाची फुप्फुसं, कुणाच्या हाडांतलं रक्त. वडिलांकडून आलेला. माझ्यात आहे, बालाजीत आहे.

म्हणजे बालाजी मला काही देऊ शकत नव्हता. त्याला स्वतःलाच पुढे कधीतरी लागणार होतं.

इतरांना जे जोरदार औषध देतात ते आमच्यासारख्यांना फारसं लागू पडत नाही, म्हणून वेगळी गोळी सुरू झाली, पुरुषी हार्मोनच्या जातीची. माझा आवाज घोगरा झाला. ओठावर लव आली. फोनवर लोक मला "दादा" म्हणायला लागले. पेशी थोड्या वाढल्या आणि तिथेच थांबल्या.

बालाजीचं लग्न ठरलं होतं. तो एकटाच मुलीच्या घरी गेला आणि सगळं सांगून आला. लग्न मोडलं. त्यानं मला सांगितलं ते दोन महिन्यांनी, तेही मी विचारलं म्हणून. "लपवून करायचं व्हय आक्का?" एवढंच म्हणाला. आता तपासणीला ये म्हटलं की तो हंगामाचं निमित्त सांगतो.

आईनं इडली खाल्ली

निकालाच्या दिवशी मॅडमनी आईलाही आत बसवलं आणि तिला समजेल असं सांगितलं. हे रक्तात आधीपासून होतं, वैशाली जन्मली तेव्हापासून.

आई पुढे सरकली. "म्हंजे पुडीनं न्हाई झालं?"

"नाही आजी. आता मी ठामपणे सांगते. पुडी दिली नसती तरी झालं असतं."

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली आणि म्हणाली, "भूक लागलीय गं." किती महिन्यांनी तिच्या तोंडून हा शब्द निघाला! हे कॅन्टीनमधून इडली घेऊन आले. आईनं दोन इडल्या खाल्ल्या, सांबार संपवलं, पदरानं तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ सैल झाली होती. मला वाटलं, चला, कारण सापडल्याचा एवढा तरी उपयोग झाला.

मग तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो तसाच धरून म्हणाली, "मग बालाजीचं कसं?"

ह्यांनी तिच्यासमोरची रिकामी प्लेट उचलली.

"दोन्ही लेकरं," ती म्हणाली. "दोन्ही." पेला तिनं खाली ठेवला. पुडीचा अपराध सोसत होता, कारण तो तिचा एकटीचा होता. यात तिला स्वतःला बोल लावायलासुद्धा जागा नव्हती. ज्याला लावायचा तो माणूस वीस वर्षांपूर्वी गेलेला, आणि त्यालाही ठाऊक नव्हतं.

वाचणाऱ्याला उपयोगी पडेल असं माझ्याकडे असेल तर ते इथे आहे. डॉक्टरांनी घरातल्यांचं विचारलं की "कुणाला काही नाही" असं चटकन म्हणू नका. तरुणपणी कोण गेलं, कसं गेलं, लोक काय म्हणायचे, सगळं आठवून सांगा. दमा म्हणून गेलेला माणूस दम्यानंच गेला असेल असं नाही. आणि घरचं कुणी मगज द्यायला पुढे आलं, तर त्याचीही तपासणी नीट होऊ द्या. मी हे लवकर सांगितलं असतं तरी माझ्या हाडांत फरक पडला नसता. तुमच्या पडेल कदाचित.

अनुष्का

मगज देणाऱ्या अनोळखी लोकांच्या यादीत माझ्याशी जुळणारं अजून कुणी निघालेलं नाही.

अर्धा जुळणारा मगजही आता चालतो, आणि मुलांचा आईशी अर्धा जुळतोच. हे आम्ही अनुष्काला सांगितलं नव्हतं. तिनं मोबाईलवर शोधून काढलं आणि एका संध्याकाळी कणीक मळता मळता म्हणाली, "मम्मी, माझं चालतं. मॅडमना विचार."

चालत होतं, पण एका अटीवर. तिच्यात तो दोष नसला तर. म्हणजे आधी तपासावं लागणार.

हे नको म्हणाले. आमच्या घरात कधी आवाज चढत नाही, तो त्या दिवशी चढला. "माहीत नसलेलं बरं. कळून काय करणार आहे ती? आज ठणठणीत आहे पोरगी." मी म्हटलं, "आणि नसला तिच्यात तर?" ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोलले नाही. मी तिच्या जिवाचं विचारतेय की माझ्या, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. अर्धी शक्यता आहे, असं मॅडम म्हणाल्या होत्या. अर्ध्या शक्यतेत ती सुटते आणि मीही. दुसऱ्या अर्ध्यात कुणीच नाही.

अनुष्का हट्टाला पेटली. हॉस्पिटलातल्या समुपदेशक ताईंनी तिला एकटीला बसवून दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. मॅडमनी सांगितल्या. ती मान हलवत राहिली. शेवटी हे म्हणाले, "घ्या रक्त," आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

निकालाला ती शाळेच्या गणवेशातच आली होती, क्लास बुडवून. मॅडमनी पाणी प्यायला दिलं. मग तिच्याकडे बघूनच सांगितलं. आहे.

"म्हणजे मी मम्मीला देऊ शकत नाही?"

"नाही बेटा."

ती रडली. टेबलावर डोकं टेकून हुंदके देत रडली. "सॉरी मम्मी, सॉरी मम्मी," म्हणत राहिली. ताईंनी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या, पण तिनं तिच्यापुरती एकच ऐकली होती. दुसरी अजून तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. ह्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

मॅडम पुढचं सांगत होत्या. तिच्या पेशी आज चांगल्या आहेत, वर्षातून एकदोनदा तपासायच्या, धुरापासून लांब राहायचं. अशी माणसं पुष्कळ वर्षं नीट राहतात, काहींना काहीच होत नाही. मी मान हलवली. माझे वडीलही पुष्कळ वर्षं नीट होते.

परतताना रिक्षा केली. अनुष्का आमच्या दोघांच्या मध्ये बसली. भोसरीच्या पुढे ट्रॅफिक तुंबलं होतं, कंपन्यांच्या बस एकीला एक चिकटून उभ्या होत्या. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. तिचे डोळे आता कोरडे होते. बराच वेळ ती समोरच्या बसच्या मागच्या काचेकडे बघत राहिली, आणि मला कळलं की आता दुसरी बाजूही पोचलीय.

"मलाही होणार आहे ना?"

मी म्हटलं, "नक्की नाही, बाळा."

"पण होऊ शकतं."

"होऊ शकतं."

तिनं मांडीवरच्या दप्तराची चेन उघडली आणि लावली. मग माझ्याकडे न बघता बापाकडे वळली.

"पप्पा, बोर्डाच्या परीक्षेच्या आधी नाही ना होणार?"

"नाही," हे म्हणाले. लगेच, ठामपणे, आवाजात जराही कंप न येऊ देता. "बोर्डाच्या आधी नाही."

तिनं मान हलवली आणि डोकं मागे टेकलं. पुढची गाडी हलली. रिक्षावाल्यानं इंजिन सुरू केलं.